हान्डॉर्फमधला ‘हान’ कोण?

मुलीकडे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जाऊन आलेल्या एका वाचकांनी विचारलंय: तिथून जवळच हान्डॉर्फ नावाचं जर्मन लोकांनी वसवलेलं गाव पाहिलं. शब्दकोशात ‘हान’ म्हणजे कोंबडा आणि ‘डॉर्फ’ म्हणजे गाव असं सापडलं. मग हे कोंबडगाव का? आणि प्रवासवर्णनात त्याला ‘जर्मन वसाहत’ म्हटलं तर चालेल का?

कोशातला अर्थ बरोबर आहे, पण इथे हान हे आडनाव आहे. मोऱ्यांची ती मोरेवाडी, तिथे आपण मोर शोधत नाही, तसंच हे. डिर्क हान हा ‘झेब्रा’ जहाजाचा कप्तान. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजाने ल्यूथरपंथी आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनपंथी) अशी दोन्ही प्रोटेस्टंट चर्चं एकत्र करून सगळ्यांवर एकच उपासनापद्धत लादली. ती न मानणारी शेतकरी कुटुंबं देश सोडून निघाली आणि झेब्रातून 1838च्या डिसेंबरअखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियाला पोचली. माणसं किनाऱ्यावर उतरवली की कप्तानाचं काम संपतं. हानने मात्र जमीनमालकांना भेटून, रदबदली करून डोंगरातली जमीन या लोकांना मिळवून दिली आणि मगच जहाज घेऊन परत गेला. 1839 साली तिथे पन्नासेक कुटुंबांचं गाव उभं राहिलं. स्वतः त्या गावात कधी न राहिलेल्या माणसाचं नाव गावाला लागलं, ते त्या उपकारापोटी. मला हे नाव फार आवडतं.

‘डॉर्फ’ म्हणजे आपलं साधं ‘गाव’. ड्युसेल नदीकाठचं गाव ते ड्युसेलडॉर्फ. इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पमधला ‘थॉर्प’ हाही याच कुळातला शब्द.

या नावावर एक संकटही येऊन गेलं. पहिल्या महायुद्धात दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1917मध्ये कायदा करून तिथली 69 जर्मन गावनावं पुसायची ठरवली. हान्डॉर्फचं ॲम्बलसाइड झालं, लोबेथालचं ट्वीडव्हेल, क्लेमझिगचं गाझा. ‘लोबेथाल’ म्हणजे स्तुतीची दरी, म्हणजे देवाच्या स्तुतीची. असं नाव शत्रूचं कसं ठरतं, हे मला अजून उमगलेलं नाही. ही तिन्ही नावं 1935मध्ये परत मिळाली.

आता ‘वसाहत’. हा शब्द मराठीत दोन ओझी वाहतो. औद्योगिक वसाहत, धरणग्रस्तांची वसाहत म्हणताना त्यात सत्ता नसते, नुसती वस्ती असते. पण ‘पोर्तुगीज वसाहत’ म्हटलं की गोवा डोळ्यांपुढे येतो आणि राज्य कुणाचं हा प्रश्न आपोआप सुटतो. त्यामुळे ‘जर्मन वसाहत’ वाचणाऱ्याला तिथे जर्मनीचा अंमल होता असं वाटेल. वसाहत होती ती ब्रिटिशांची, आणि हे लोक तिच्यात आसरा घ्यायला आलेले. त्यांच्या बायका-मुली भाजी, लोणी, अंडी टोपल्यांत घेऊन रातोरात डोंगर उतरत, शहराच्या वेशीवरच्या ओढ्यात पाय धुत आणि सकाळच्या बाजाराला ॲडलेडमध्ये हजर होत. सगळी वाट पायी, पंचवीस-तीस किलोमीटर. त्यांच्या गावाला ‘वसाहत’ हा शब्द मला तरी जड वाटतो.

मी ‘जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं गाव’ असं लिहीन. त्यातही ‘वसवलेलं’ जपून वापरावं, कारण ते रान ओसाड नव्हतं. पेरामांक लोक तिथे आधीपासून राहत होते आणि त्या जागेला बुकार्टिला म्हणत. प्रवासवर्णनात हान्डॉर्फच्या शेजारी हेही नाव एकदा अवश्य येऊ द्या.