उत्तर: निवेदनात अनिशिनाबे, ओजिब्वे, चिपेवा... सगळेच लिहायचे का?

कॅनडातल्या मिसिसागा शहरातल्या गणेशोत्सवात भूमीबद्दलचे निवेदन (ही जमीन मुळात कोणत्या मूळनिवासी समाजांची, हे सांगणारे) मराठीत वाचायचे आहे, त्यात ‘अनिशिनाबे, ओजिब्वे, चिपेवा आणि मिसिसागा हे चार समाज’ असे लिहू का, हा तुमचा प्रश्न वाचून हसू आले. आमच्या मंडळाने याच यादीपायी डोके फोडून घेतलेय.

तसे लिहू नका. अनिशिनाबे हे अनेक मूळनिवासी समाजांचे मिळून मोठे नाव. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी, अल्गोंक्विन, मिसिसागा हे सगळे त्यात येतात. चिपेवा म्हणजे ओजिब्वेच. तुमची यादी ‘महाराष्ट्र, मुंबई, बॉम्बे आणि पुणे हे चार प्रदेश’ अशी झालीय.

आम्हाला अशीच यादी एका कार्यालयाने नमुना म्हणून दिली होती. शंका काढली तर उत्तर आले, मजकूर मंजूर आहे, बदलता येणार नाही. कोणी मंजूर केला? तर दुसऱ्या विभागाकडे जा. तिथून परत पहिल्याकडे! स्मरणिका रखडली, छापखान्याने उशिराचे जादा पैसे लावले आणि शेवटी तीच यादी छापली गेली. पाहुण्या म्हणून आलेल्या एका अनिशिनाबे आजींनी ती वाचून, यातल्या कितव्या नावात आपण मोडतो, एवढेच विचारले. कोणाला काही बोलता येईना. नमुना देणारे अर्थातच तिथे नव्हते.

म्हणून कार्यालयांच्या नादी न लागता थेट मिसिसागाज ऑफ द क्रेडिट फर्स्ट नेशन या मूळनिवासी समाजालाच लिहा. शहराखालची जमीन १८०५ ते १८२० च्या करारांत त्यांच्याच पूर्वजांकडून गेली. १८४७ मध्ये ते हेगर्सव्हिल गावाजवळ हलले.

‘अनिशिनाबे’च्या अर्थाचे म्हणाल तर (मी भाषातज्ज्ञ नाही) ‘मूळ माणसे’ सर्रास सांगतात, कोणी ‘वरून उतरवलेला माणूस’ अशी फोड करतात. बोलताना मात्र तो शब्द नुसता ‘माणूस’ म्हणूनही येतो, ‘इथला मूळनिवासी’ म्हणूनही. निवेदनात अर्थ घालूच नका, असे माझे मत.

उच्चार आपल्याला सोपा: सुरुवातीचा अ आपलाच, ‘ना’ लांब, शेवटी ‘बे’. अनेकवचन अनिशिनाबेग, त्याला वर ‘स’ जोडू नका. हाउडेनोसौनी आणि वेंडाट हे दुसरे मूळनिवासी समाज अनिशिनाबेंत येत नाहीत, त्यांची नावे वेगळी घ्या. एखाद्या समाजाच्या अधिकृत नावातच चिपेवा असेल तर ते सुधारायला जाऊ नका. आणि तुमच्या मसुद्यातले ते ‘रेड इंडियन’ आजच खोडा.