एनडीए राहू दे, आधी मित्राची सही घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चाळीतला कांदा सडायला लागला की लगेच मोबाईलवर कळवणारा सेन्सर आणि अ‍ॅप तुम्ही हिंजवडीतली नोकरी सांभाळून कोथरूडच्या घरी बनवलंय, अ‍ॅपचा बराचसा कोड एका मित्राने ४० हजारात लिहून दिला, कागद काही केला नाही, कंपनीही अजून रजिस्टर नाही, आणि पुढच्या आठवड्यात बाणेरला ज्या एंजल इन्व्हेस्टरला (नव्या धंद्यात सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालणाऱ्याला) भेटायचंय तो एनडीएवर, म्हणजे ऐकलेली माहिती गुप्त ठेवण्याच्या करारावर, सही करायला तयार नाही. मग त्याने आयडिया ढापली तर?

अहो, पहिल्या भेटीत एनडीए करणारे इन्व्हेस्टर फार कमी, त्याचं मनावर घेऊ नका. मला धास्ती वाटली ती त्या ४० हजारांची. पैसे दिले म्हणजे कोड आपला असं बहुतेकांना वाटतं पण तसं नसतं, पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा होतो, फ्रीलान्सरचा मात्र लेखी करार नसेल तर कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, जीपेचा स्क्रीनशॉट दाखवून तो तुमच्या नावावर होत नाही. आणि करार करताना नेटवरून कुठलाही नमुना उचलू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९, त्यात असं आहे की मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त ५ वर्षांपुरते मिळतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते, आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर तेही जातात, म्हणून ‘पूर्ण मुदतीसाठी, जगभर, आणि वर्षाची अट लागू नाही’ हे स्पष्ट लिहून घ्या, मोबदला किती तेही लिहा. सध्या करार तुमच्या स्वतःच्या नावाने करा, अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावाने नको, कंपनी झाली की तिला ट्रान्सफर करता येईल. आज मित्र आहे तोवर सही दहा मिनिटांत होईल, पैसे आल्याची बातमी कळल्यावर त्याच सहीचा भाव काय होईल सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. बऱ्याच आयटी कंपन्या ‘नोकरीच्या काळात जे काही बनवाल ते कंपनीचं’ असं त्यात घालून ठेवतात. तसं असेल तर एचआरकडून लेखी ना हरकत घ्या, आणि ऑफिसचा लॅपटॉप यात वापरला असेल तर मला आधी सांगा, लपवू नका.

पेटंटचं म्हणाल तर नुसत्या सॉफ्टवेअरला किंवा अल्गोरिदमला पेटंट कायद्याचं कलम ३(के) आडवं येतं, पण सेन्सरची रचना आणि सड ओळखायची पद्धत मिळून प्रयत्न करण्यासारखा आहे. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला, अर्ज ऑनलाइन टाका, सरकारी फी १६०० रुपये, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. हे मीटिंगच्या आधी, आणि तोवर रील, लिंक्डइन, डेमो डे काही नको, एकदा पद्धत जाहीर झाली की नवेपणा गेला. ट्रेडमार्क सवडीने करा, माल-सेवेच्या एका वर्गाला (क्लासला) साडेचार हजार.

राहिली मीटिंग. मिसळवाला चव दाखवतो, मसाल्याचं प्रमाण सांगत नाही, तेवढंच करा. डेमो तुमच्या हातात, निकाल दाखवा, सर्किट आणि कोड टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद, झाल्यावर, तेव्हा एनडीएही मागा. डेक, म्हणजे माहितीच्या स्लाइड्स, मेलनेच पाठवा, वर ‘गोपनीय, फक्त गुंतवणुकीच्या विचारासाठी’ लिहा. याचा उपयोग होतो. २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या केसमध्ये सनडायलने विश्वासाने दिलेला मालिकेचा कन्सेप्ट वापरायला झी चॅनेलला झालेली मनाई मुंबई हायकोर्टाने कायम ठेवली होती. पण ती लिहून काढलेली, ठोस कल्पना होती, तोंडी गप्पांवर असं काही मिळत नाही.

लेटरमधलं ते कलम आणि मित्राशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवा, कराराचा मसुदा त्यावरून करू.