देवमासा समखुरी प्राण्यांत कसा?

प्रश्न : देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, एवढे शाळेत शिकलो होतो. अलीकडे वाचनात आले की तो पाणघोड्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक असून गाय, हरीण, डुक्कर यांच्याच समखुरी (पायाला सम संख्येने खूर असलेल्या) गणात मोडतो. दिसण्यात तर काहीच साम्य नाही. मग शास्त्रज्ञ हे नाते कशावरून ठरवतात? आणि वर्गीकरण असे बदलत असेल, तर आधीचे चुकीचे होते असे समजायचे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दिसण्यावरून नाते ठरवण्यात अडचण अशी की साम्य दोन कारणांनी येते : एकाच पूर्वजाच्या वारशामुळे किंवा सारख्या राहणीमुळे. शार्क हा मासा आणि देवमाशांच्याच गटातला डॉल्फिन यांचा निमुळता देह दुसऱ्या प्रकारातला आहे. पाणी कापत वेगाने जायचे तर तोच आकार सोयीचा पडतो. मात्र शार्कची शेपटी डावी-उजवीकडे हलते, तर डॉल्फिनची वर-खाली, कारण धावणाऱ्या सस्तन प्राण्यांचा कणा त्याच दिशेने वाकतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअसने सजीवांच्या वर्गीकरणावरील आपल्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत देवमाशांना माशांमधून काढून सस्तन प्राण्यांत नेले, ते असे वरवरचे साम्य बाजूला ठेवूनच.

पण सस्तन प्राण्यांपैकी नेमका कोणाच्या जवळचा, याचे उत्तर पिलांना दूध पाजण्यावरून मिळत नाही, कारण ते वाघही करतो आणि वटवाघूळही. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये याविषयी एक काटेकोर नियम मांडला : दूरच्या पूर्वजापासून सगळ्यांना मिळालेली लक्षणे गटांतर्गत नात्यासाठी निरुपयोगी असतात, एखाद्या शाखेच्या मूळ पूर्वजात नव्याने आलेली आणि त्याच्या वंशजांत उतरलेली लक्षणेच पुरावा म्हणून धरावीत.

देवमाशांच्या बाबतीत असे लक्षण शोधताना बराच काळ दातांनी दिशाभूल केली. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म मेसोनिकिड नावाच्या, मांस खाणाऱ्या नामशेष खूरधारी प्राण्यांशी दातांच्या घडणीत जुळत होते, त्यामुळे पूर्वज तेच असावेत असे मानले जाई. रक्तातील प्रथिनांच्या चाचण्यांनी १९५० मध्येच समखुरी प्राण्यांकडे बोट दाखवले होते, पण जीवाश्मतज्ज्ञांचे मत त्याने बदलले नाही. पुढे १९९० च्या दशकात जपानमधील नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने डीएनएमधील ‘उड्या मारणारे’ तुकडे तपासले. असा तुकडा जनुकसंचात एखाद्या ठिकाणी शिरला की सहसा तिथून निघत नाही, आणि दोन वंशांत तो स्वतंत्रपणे नेमक्या त्याच जागी शिरण्याची शक्यता नगण्य असते. दोन पोथ्यांत एकाच ओवीत एकच विचित्र लेखनचूक सापडली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे आपण म्हणतो. तर्क तोच आहे. देवमासे आणि पाणघोडे यांच्यात असे अनेक तुकडे त्याच जागी सापडले आणि डुकरात, उंटात किंवा गायीत त्या जागा रिकाम्या होत्या.

उरली हाडे. समखुरी प्राण्यांच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक ठेंगणे हाड असते, ज्याची वरची आणि खालची अशी दोन्ही टोके कप्पीसारखी खाचदार असतात. शेळीचे हे हाड चिमटीत धरून पाहता येते. कुत्र्याच्या घोट्यातील हाडाला मात्र अशी खाच फक्त वरच्या टोकाला असते. आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, म्हणून प्रश्न अडला होता. पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यांची वर्णने २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केली आणि दोन्हीकडे हाड दुहेरी कप्पीचे निघाले. माझ्या मते या वादातला सर्वांत देखणा पुरावा हाच, कारण तो डीएनएशी काडीचाही संबंध नसलेल्या वाटेने त्याच उत्तरापर्यंत आला. भारताचाही यात वाटा आहे. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातून जमवलेल्या दगडांत इंडोहायस या मांजराएवढ्या समखुरी प्राण्याचे अवशेष होते. राव यांच्या निधनानंतर त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या मध्यकर्णाच्या हाडाची आतली कड फक्त देवमाशांत दिसते तशी जाड असल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले.

याचा अर्थ देवमासा पाणघोड्यापासून झाला असा नव्हे. पाकिसीटस हा आद्य देवमासा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि खऱ्या पाणघोड्यांचे जीवाश्म त्यानंतर पुष्कळ उशिराचे आहेत. दोघांचा पूर्वज एक होता आणि तो दोघांपैकी कोणासारखाही दिसत नसावा.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. लिनीअसने देवमाशांना सस्तन ठरवले, ते आजही खरेच आहे. बदलली ती गटाची व्याख्या : आता एका पूर्वजाचे सर्व वंशज घेतल्याशिवाय गट पूर्ण मानत नाहीत, म्हणून देवमासे वगळून समखुरी प्राण्यांचा गण करता येत नाही. काही अभ्यासक या विस्तारित गणाला सीटार्टिओडॅक्टिला असे जोडनाव देतात, तर काही आर्टिओडॅक्टिला हे जुनेच नाव ठेवतात. मला दुसरी पद्धत पटते. एक शाखा पाण्यात गेली म्हणून सगळ्या गणाचे नाव बदलण्याचे कारण दिसत नाही.