रंगमंचाचं शिवणकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी ब्लाऊज, ड्रेस शिवते. हात चांगला बसला आहे. आता नाटक-नृत्याच्या कलाकारांसाठी शिवावं असं वाटतं. नागपुरात सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, महाल

उत्तर : आधी या कामाचा हंगाम समजून घ्या. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत असतात. म्हणजे सगळी कामं एकदम अंगावर येतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच संस्थांना आणि नृत्यवर्गांना भेटा, आणि गांधीबाग-इतवारीतली कापडखरेदी दसऱ्याआधी उरका.

नवं शिवायचं काम पहिल्याच भेटीत मिळत नाही. दुरुस्तीचं मिळतं, आणि ते आनंदाने घ्या. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांकडे कपड्यांसाठी वेगळा माणूस क्वचितच असतो. त्यांच्या रंगीत तालमीला पेटी घेऊन जा. पेटीत काळा, पांढरा, लाल आणि अंगाच्या रंगाचा दोरा ओवलेल्या 7-8 सुया, हूक, टिचबटणं, अर्धा इंची इलास्टिक, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, कात्री आणि छोटा टॉर्च हवा. कोणता कपडा कुठे ओढला जातो, हे त्या तीन तासांत जेवढं कळतं तेवढं वर्गात कळत नाही. तरीही पाया कच्चा वाटत असेल तर आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा.

घरच्या शिलाईची एक सवय मात्र मोडावी लागेल. आपण आत अर्धा इंच कापड सोडतो. इथे बाजूच्या शिवणीत 1 ते दीड इंच सोडा. नट ऐनवेळी बदलतो, आणि तोच अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर चढवावा लागतो. सुती कापड बेतण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ही सगळी मापं आखडतील.

प्रश्न : लावणीसाठी शिवलेली नऊवारी दर दोन-तीन प्रयोगांनंतर काष्ट्यात उसवते. दोरा बदलला, दुहेरी शिलाई मारली, तरी तेच.
– नृत्यवर्गाची शिवणकाम करणारी, नंदनवन

उत्तर : दोष दोऱ्यात नाही, आसनाच्या मापात आहे. माप उभ्याने घेतलेलं असणार. नर्तकी खाली बैठक घेते तेव्हा पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचं अंतर वाढतं आणि सगळा ताण एका बिंदूवर येतो. तिला अर्धी बैठक घ्यायला लावा, टेप पुढून मागे फिरवा आणि आलेल्या मापात 2 इंच मिळवा.

मग मियानी, म्हणजे पायांमधल्या जोडात बसवायचा कापडाचा तुकडा, लावा. 4 इंचांचा चौकोन, उरेब (तिरका) कापलेला, म्हणजे ओढ आली की तो थोडा ताणतो. चार शिवणी एकाच जागी भेटतात तिथेच उसवण सुरू होते. मियानीमुळे त्या वेगळ्या होतात. दोरा पॉलिस्टरचा घ्या, टाका बारीक ठेवा आणि पहिल्या शिलाईपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) अंतरावर दुसरी मारा. जाड, अंगाला ताठ असा जरीचा काठ आसनाच्या शिवणीत कधीही पकडू नका. जरीला ताण सोसत नाही. ती दोऱ्याला कापते. काठ आणि मागचा काष्टा आतल्या विजारीवर वेगळा टाचा. पदर लावण्याआधी पूर्ण बैठक, उडी आणि गिरकी करून बघा. त्या वेळी खेच जाणवली तर दुरुस्ती 10 मिनिटांची असते.

प्रश्न : एका नाटकात नायकाला 40 सेकंदांत शेरवानीतून शर्ट-पँटमध्ये यायचं आहे. कसं जमवावं?
– हौशी नाट्यसंस्था, धरमपेठ

उत्तर : शर्ट-पँट आतच घालून ठेवा. शेरवानीखाली शर्टाची कॉलर दिसत असेल तर कॉलर आत दुमडून एका हूकने अडकवा. शेरवानीची बटणं पुढून नुसती दिसायला शिवा, खाली 5-6 टिचबटणं लावा. व्हेलक्रो झटपट सुटतं खरं, पण त्याचा फर्र आवाज विंगेतून प्रेक्षागृहात जातो. शांत प्रवेश चालू असेल तर ते वापरूच नका. चुडीदाराऐवजी इलास्टिकची सैल विजार द्या, बुटांच्या नाड्या काढून तिथे इलास्टिक ओवा. नटाला माइक असेल तर त्याची डबी आतल्या पट्ट्यावरच्या कापडी खिशात ठेवा. शेरवानीला अडकवली तर शेरवानीबरोबर वायरही उपटून येते.

विंगेत दोन मदतनीस पुरेत: एक वरचं काढणारा, दुसरा पायाकडचा. हा बदल दिवे मालवून सराव करा, कारण प्रयोगाच्या वेळी तिथे अंधारच असतो. प्रत्येक कपड्याच्या मानेला आतून पांढऱ्या फितीचा तुकडा शिवला की पुढची बाजू हाताला आणि डोळ्याला पटकन सापडते.

प्रश्न : दुकानात सुंदर दिसलेला रंग रंगमंचावर मळका दिसतो.

उत्तर : लाल प्रकाशात हिरवं कापड काळपट होतं, पिवळसर प्रकाशात निळं मरतं. कापायच्या आधी अर्धा मीटर तुकडा प्रकाशयोजनेच्या तालमीत न्या. पांढरंशुभ्र कापड डोळ्यांत टोचतं. सुती असेल तर गाळलेल्या कोऱ्या चहात 5-10 मिनिटं बुडवा. पॉलिस्टरवर हा उपाय चालत नाही.

प्रश्न : मजुरी कशी लावावी?
– त्याच महालच्या वाचक

उत्तर : शिलाई, दुरुस्ती आणि प्रयोगाला हजर राहणं, हे तीन आकडे वेगळे लिहा. एकत्र सांगितलेत तर हजेरी फुकट धरली जाते. कापडाचे पैसे कात्री लावण्याआधी घ्या. भाड्याने कपडे देत असाल तर अनामत ठेवून घ्या, परतीची तारीख लिहा आणि देताना प्रत्येक कपड्याचा आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, कारण घामाचे डाग आधीचे की नंतरचे हा वाद सगळ्यात जास्त होतो. काखेत सुट्या मलमलीच्या गाद्या टाचल्या की तो वादही कमी होतो आणि भरजरी कपडा वारंवार धुवावा लागत नाही.