पट्टीवरची रेघ पुसट दिसली तर

पाण्यातलं प्रदूषण तपासायला अँटिबॉडीची (ठरावीक रेणूला पकडणाऱ्या प्रथिनाची) टेस्ट किट घेऊन पहिल्यांदाच नदीवर निघाला आहात, तर एक गोष्ट आधी पक्की करा: ॲट्राझिन या तणनाशकासारख्या छोट्या रेणूंच्या पट्टीवर टेस्टची रेघ पुसट म्हणजे प्रदूषक जास्त. प्रेग्नन्सी टेस्टच्या बरोबर उलट! एवढ्याशा रेणूला दोन अँटिबॉडी एकाच वेळी धरू शकत नाहीत, म्हणून इथे स्पर्धेची पद्धत असते: पाण्यातला रेणू आणि पट्टीवर आधीच लावलेला तसाच रेणू अँटिबॉडीसाठी झगडतात; पाण्यातला जास्त असेल तर रेघेवर अँटिबॉडी कमी पोचतात. कंट्रोलची रेघच (पट्टी नीट चालली हे सांगणारी) उमटली नाही तर पट्टी बाद.

गढूळ पाणी गाळून घ्या. ह्यूमिक आम्लांमुळेही (कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात येणाऱ्या) निकाल चुकतो, म्हणून मी त्याच पाण्यात ठरावीक मात्रेत ॲट्राझिन मिसळून दुसरी पट्टी चालवतोच. अपेक्षित उत्तर आलं नाही, तर त्या ठिकाणचे आकडे धरत नाही. ॲट्राझिनच्या बऱ्याच अँटिबॉडी प्रोपाझिन या तशाच दुसऱ्या तणनाशकालाही पकडतात, तेव्हा पॉझिटिव्ह नमुने प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीला (वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या तपासणीला) पाठवा.