केळफुलाची, शेवग्याच्या फुलांची भाजी खाऊन अंगावरचं दूध खरंच वाढतं का?

तुम्ही लिहिलंय की बाळ २० दिवसांचं आहे, दूध पुरत नाही असं वाटतंय आणि सासूबाई रोज केळफूल नाहीतर शेवग्याच्या फुलांची भाजी खायला लावतात, तर यात काही तथ्य आहे का. मी डॉक्टर नाही, दोन मुलं अंगावर पाजलेली आई आहे, पण पहिल्या वेळी मी अगदी इथेच अडकले होते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाजी खुशाल खा. केळफुलात फायबर, पोटॅशियम तर आहेच, शिवाय फ्लेव्होनॉइड, सॅपोनिन आणि स्टेरॉल ही झाडांमधली रसायनं असतात. यातल्या स्टेरॉलची रचना आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनशी मिळतीजुळती असते, म्हणून असा अंदाज आहे की त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढायला थोडी मदत होत असेल, आणि प्रोलॅक्टिन म्हणजे दूध बनवायचा हुकूम देणारं हार्मोन. उंदरांवरच्या प्रयोगात केळफुलाच्या अर्कानं दूध वाढलेलं दिसलंय. बायकांवरचं म्हणाल तर २०२० साली कॉक्रेननं, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, असे ४१ अभ्यास एकत्र तपासले, त्यात केळफूल, शेवगा, मेथी, शतावरी सगळं होतं, आणि निष्कर्ष असा की फायदा होत असेलही पण पुरावा कच्चा आहे, नक्की किती वाढतं ते सांगता येत नाही. शेवग्याचे बरेचसे अभ्यास तर पानांवरचे आहेत, फुलांवरचे नाहीत.

आता माझं सांगते. आम्ही बडोद्याचे, इथे केळी भरपूर पण केळफूल भाजीवालीला आधी सांगून ठेवावं लागतं. आई खंडेराव मार्केटमधून आणायची आणि दुपारभर साफ करत बसायची, हाताला तेल लावून, एकेका फुलातला तो टोकाला गोळी असलेला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, नाहीतर कितीही शिजवा ते शिजतच नाही, मग बारीक चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं आणि सकाळी हरभऱ्याची डाळ घालून भाजी. शेजारच्या गुजराती काकी सुवा भाजून आणून द्यायच्या, म्हणजे आपला बाळंतशोपाच. हाळिवाचे लाडू होतेच. एवढं सगळं खाऊनही माझ्या मुलीचं वजन तिसऱ्या आठवड्यापर्यंत जन्माच्या वजनावर आलं नव्हतं, खरं तर साधारण दोन आठवड्यांत ते यायला हवं. मी मात्र अजून दोन दिवस, अजून दोन दिवस, भाजीचा गुण येईल म्हणून थांबून राहिले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी एका नर्सताईंनी समोर बसून मी पाजताना नीट पाहिलं. पोरगी फक्त निपलचं टोक तोंडात धरत होती. त्यांनी तिला पोटाला पोट लावून जवळ घ्यायला शिकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला सांगितलं, निपलच्या भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मला तिचा गटक गटक गिळल्याचा आवाज ऐकू आला, मी रडलेच तिथे. आठवड्यात वजन वाढायला लागलं.

कारण दूध रिकामं होतं तसं बनतं. स्तनात साठून राहिलं की शरीर समजतं की गरज नाही आणि बनवणं कमी करतं. म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा, रात्रीचं चुकवू नका कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, आणि वरचं दूध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नका, तेवढं बाळ कमी ओढतं आणि तेवढंच दूध कमी बनतं. हे सगळं नीट असूनही दूध कमी असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या, ती कारणं कुठल्याच भाजीनं जात नाहीत.

एक अजून, फुलं म्हणजे सगळी दूध वाढवणारीच असं समजू नका. मोगऱ्याची फुलं छातीला बांधून दूध आटवायची पद्धत दक्षिणेत आहे, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९८८ साली तपासून पाहिलं तर ती दूध बंद करायच्या गोळीइतकी उपयोगी पडली होती. तसंच ताटातली भाजी वेगळी आणि अर्काच्या कॅप्सूल, पावडरी वेगळ्या. मेथीच्या कॅप्सूलनं पोट बिघडू शकतं, आणि शुगरची औषधं चालू असतील तर शुगर जास्त खाली जाऊ शकते, तेव्हा विचारल्याशिवाय नकोच.

उद्या बाळाचं वजन करून घ्या आणि दिवसभरात किती लंगोट ओले होतात ते मोजा, निदान सहा तरी हवेत. कमी होत असतील किंवा बाळ सुस्त पडून राहत असेल, पाजायला उठवावं लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, भाजीचा गुण यायची वाट बघू नका.