काकांची तूर काढली, अन् अख्ख्या गावाची गेली

प्रश्न: नमस्कार दादा. आमच्या गावच्या शेतकरी गटासाठी मी जँगोत (पायथनमधे वेबसाइट बनवाची चौकट) एक छोटं अ‍ॅप बनवलं, कोणी यंदा काय पेरलं त्याची नोंद ठेवाले. शेतकरी अन् पीक असे दोन मॉडेल (एकेका मॉडेलचं डेटाबेसात एक टेबल), मधात मेनी टू मेनी, म्हणजे एका शेतकऱ्याची अनेक पिकं अन् एका पिकाचे अनेक शेतकरी. काका म्हणे यंदा तूर नाही टाकली, नुसती कपाशी अन् सोयाबीन हाय, तर मी त्यांच्या पिकांवर फिल्टर लावून तूर शोधली अन् डिलीट मारलं. आता कोणाच्याच नावावर तूर दिसून नाही राहिली! काहून झालं असं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, जँगोनं तुम्ही सांगितलं तेच केलं. तुमच्या डेटाबेसात टेबलं दोन नाहीत, तीन आहेत. तिसरं जँगो स्वतःच बनवतो, त्याच्या प्रत्येक ओळीत ओळीचा स्वतःचा आयडी सोडला तर फक्त शेतकऱ्याचा आयडी अन् पिकाचा आयडी. तुम्हाला त्यातली एक ओळ काढायची होती, पण काकांच्या पिकांवर फिल्टर लावला की हातात येतं ते पीक टेबलातलं खरंखुरं तूर हे रेकॉर्ड, मधली ओळ नाही, मग त्यावर डिलीट म्हटलं की तूरच गेली अन् तिच्यामागं कॅस्केडनं (एक रेकॉर्ड गेलं की त्याला जोडलेल्या ओळीही जातात, त्या नियमानं) सगळ्या शेतकऱ्यांच्या तुरीच्या ओळीही गेल्या. सातबाऱ्यावरून नाव कमी करायचं होतं, तुम्ही वावरच उडवलं.

बरोबर रस्ता म्हणजे रिमूव्ह. काकांच्या पिकांतून रिमूव्ह म्हणून तूर द्यायची, बस, मधली ओळ जाते, पीक शाबूत राहतं. सगळीच पिकं काढायची असतील तर क्लिअर. अन् फॉर्ममधून नवीन यादी येत असेल तर सेट वापरा, तो जुनी-नवी यादी ताडून फरकापुरतंच काढतो-घालतो.

शेतकरीच गट सोडून गेला तर त्याचं रेकॉर्ड बिनधास्त डिलीट करा, त्याच्या मधल्या ओळी जँगो आधी साफ करतो. पण हे काम जँगोचं, डेटाबेसचं नाही. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये थेट शिरून एसक्यूएलनं शेतकरी उडवायला गेलात तर फॉरेन कीची (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डकडे दाखवणारा आयडी) एरर येईल.

पुढंमागं एकर अन् हंगामही लिहायचा असेल (लिहाच, नाहीतर ही नोंद कोणाच्या कामाची?) तर मधलं मॉडेल स्वतः बनवा अन् मेनी टू मेनीला थ्रू म्हणून तेच द्या. तिथं एक गोची आहे. एकाच शेतकऱ्याचा खरिपाचा भुईमूग अन् उन्हाळी भुईमूग अशा दोन ओळी असल्या तर रिमूव्ह दोन्ही नेतो, म्हणून तिथं मधल्याच मॉडेलवर शेतकरी, पीक अन् हंगाम असा फिल्टर लावून डिलीट करा, इथं डिलीटच बरोबर. अन् त्या मॉडेलात पिकाच्या फॉरेन कीला ऑन डिलीट म्हणून प्रोटेक्ट द्या, मग कोणाच्या तरी नावावर असलेलं पीक उडवायला गेलं की जँगोच आडवा येतो.

डिलीट काय परत देतो तेही शेलमध्ये (जँगोच्या कमांड लिहायच्या खिडकीत) बघत जा. एकूण किती रेकॉर्ड गेले अन् कोणत्या मॉडेलचे किती, सगळं तिथंच छापून येतं. एकट्या काकांचं काम अन् आकडा शंभराच्या घरात, तर तिथंच कळलं असतं.

आता गेलेली तूर. बॅकअप असेल तर तो वेगळ्या डेटाबेसात उघडा, चालू डेटावर ओतू नका, मधे भरलेल्या नव्या नोंदी जातील. आधी पीक टेबलात तूर टाका, तीही जुन्याच आयडीनं, नवीन आयडी घेतला तर बॅकअपमधल्या ओळी तिला जुळायच्या नाहीत. मग तिसऱ्या टेबलातल्या तुरीच्या ओळी आणा, काकांची तेवढी सोडून. बॅकअपच नसेल तर मात्र घरोघरी जाऊन विचारावं लागेल, दुसरा इलाज नाही.